तिखाडीचा फाया

फैजनं शिशी गल्ल्यावर ठेवली. नागपूरहून चंद्रपूरपर्यंत एसटीत ती त्यानं मुठीतच धरली होती.

गल्ल्यामागे त्याचे अब्बा, नूर मोहम्मद. अत्तराचं हे दुकान सोडून एकुलता एक मुलगा नागपुरात प्रयोगशाळेत गेला, तेव्हापासून त्यांनी त्याच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. फैजला ते आतून खात होतं. अब्बांनी एकदा 'वा' म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता.

"हेच काय तुह्या मशीनचं?"

"मशीन नाई अब्बा, नळी. केसावाणी बारीक. आतून धातूचा लेप आहे. तेलाची वाफ त्यातून गेली का पलटून जाते, दुसरंच रसायन होते."

"भट्टी नाई, तांब्याची डेग नाई, सुईच्या भोकातून अत्तर काढून राह्यला!" अब्बा हसले.

मागच्या खोलीत दूध उतू जाऊन करपलं. वास दुकानभर पसरला तरी अब्बा जागचे हलले नाहीत. मुलाच्या बोलण्यात गुंतले असावेत. फैजची अम्मी, अमिना, गिऱ्हाइकाला खसाची शिशी देता देता आत पळाली. अब्बांचे गुडघे धरल्यापासून शिश्या काढणं, नावं सांगणं तीच बघायची.

नवा वास दुकानात आला की त्याचं नाव कुणी सांगायचं नाही, मालकानं हुंगून ओळखायचं, हा आजोबांपासूनचा रिवाज. म्हणून नळीतून काय निघणार ते फैजनं फोनवर फक्त अम्मीला सांगितलं होतं.

अब्बांनी कापसाचा फाया भिजवून नाकाशी नेला. डोळे मिटले. अम्मी दूध पुसून दाराशी येऊन उभी राहिली.

"तेल कायचं घेतलं होतं?"

"तिखाडीचं. गडचिरोलीकडचं गवत."

अब्बांचा चेहरा खुलला. तरुणपणी त्याच जंगलात भट्ट्या लावून त्यांनी तिखाडीचं, गुलाबासारख्या वासाचं तेल काढलं होतं.

"गुलाब!" ते म्हणाले. "असल गुलाब! वा, बेटा!"

फाया त्यांनी स्वतःच्या हातानं फैजच्या कानात खोवला. "दुकानाची फिकर करू नको. तू तुह्या नळीपाशीच राह."

फैजचे डोळे भरून आले. अब्बांचे हात त्यानं डोळ्यांना लावले आणि तो तसाच बाहेर पडला.

अमिना त्याच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आली. त्याच्या कानातला फाया काढून तिनं हुंगला आणि ओढणीच्या टोकात घट्ट बांधला.

"तुही नळी बरोबर चालली, बेटा," ती हळूच म्हणाली. "लिंबाचाच वास आहे. पण अब्बाले सांगू नको."