पाहुणा

नाना लेकीकडे चार दिवस म्हणून आले, त्याला दीड वर्ष झालं. 'परवा निघतो' हे पालुपद काही सुटत नव्हतं आणि कपडे अजून बॅगेतच होते.

उन्हाळा सरताना जावई त्यांना तलावावर पक्षी बघायला घेऊन गेला. थंडीपुरती येणारी बदकं केव्हाच परतली होती. एकच आटत्या पाण्यात निवांत पोहत होतं.

"पक्ष्यांच्या वहीत याच्यापुढे 'पाहुणा'च लिहायचं ना?" नानांनी पेन उघडत विचारलं.

जावयाने डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. "दुसरा उन्हाळा काढतंय ते. 'इथलंच' लिहा, नाना."

नानांनी अक्षर घोटून लिहिलं.

घरी येताच त्यांनी लेकीला विचारलं, "कपाटात एखादा कप्पा मोकळा होईल का गं?"

"दीड वर्ष मोकळाच आहे, नाना."