उघड्या अंगाचं नाव

पाहुणे दारात उभे राहिले तेव्हा जयवंत कमरेला पंचा गुंडाळून चहा फुंकत बसला होता.

पळायला दुसरी खोली नव्हती. व्हिएतनाममध्ये हनोईच्या आंतरराष्ट्रीय शांतता कमिशनात दोन वर्षं कारकुनी करून तो कालच परतला होता. पेटी बोटीनं मागून यायची होती. जयवंतची अंगावरची एकुलती एक पँट आणि शर्ट पहाटे बापानं, सीतारामनं, चढवले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला तो निघून गेला. "तुरुंगात जायचं तर माणसानं नीट जावं," म्हणाला. नऊला निरोप आला, पकडला. बापाचं स्वतःचं धोतर-सदरा बादलीत भिजत होतं. शेजारी मागावं, तर डिलाईल रोडच्या त्या चाळीतले सगळे सदरे आज मोर्च्याला गेले होते.

"बसा," म्हणत आई कमळाबाई लेकासमोर आडवी उभी राहिली. ती काडीसारखी, तो रुंद. दोन्ही बाजूंनी लेक दिसतच राहिला.

जयवंतसाठी ठरत असलेल्या शैलाचा बाप कोंडीराम आणि आत्या जाईबाई घर बघायला आले होते. यायचे उद्या, पण उद्या हरताळ. शैलाला जयवंतनं एकदाच पाहिलं होतं, नळावर, भरल्या हंड्याशी. हनोईतली दोन वर्षं त्यानं तेवढ्यावर काढली होती.

जाईबाईनं भिंतीकडं बघत विचारलं, "थंय हनोईत माणसां उघडीच फिरतत, खरां काय?"

जयवंतचे कान तापले. पण विचारलं त्याचं उत्तर द्यायची कचेरीची सवय.

"तसं सरसकट नाही, आत्या. वरचं अंग उघडं, त्याला 'कोय चन' म्हणतात. शेतकरी, होडीवाले असे बसतात, कोणी नावं ठेवत नाही. खालचं उघडं ते 'कोय चुओंग'. ते तान्ह्या पोरांना शोभतं. आणि काहीच नसलं, तर 'चन चुओंग'."

"आणि तू आता खंयच्यात?"

जयवंतनं पंच्याची गाठ मुठीत धरली. "पहिल्यात. गाठ टिकली तर."

जाईबाईनं पदर तोंडाला लावला. हसू की संताप, कळेना.

कमळाबाईला राहवेना. "ह्याचे कपडे घालून ह्याचे बाबा आत गेलेत हो. डबा भरून ठेवलाय, पण हा असा पोचवणार कसा?"

कोंडीराम उठला. संपलं, असं जयवंतला वाटलं. कोंडीरामनं टोपी खिडकीत ठेवली, सदरा डोक्यावरून काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"घाल. व्याह्यांचं जेवण थंड होतंय."

जयवंतनं सदरा घातला. तो बेंबीपाशी संपला. खाली पंचा.

सगळे त्या पंच्याकडं बघत राहिले. मग जाईबाईनं एकदा भावाच्या धोतराकडं पाहिलं, कमळाबाईचा हात धरला, तिला घेऊन गॅलरीत गेली आणि बाहेरून दार ओढून घेतलं.