पिंपाला सांगायचं राहिलं

ओदीलनं पिंपाला कान लावला. आत काही नव्हतं. ना सळसळ, ना एखादा बुडबुडा. रस भरून किती दिवस झाले होते. एव्हाना तो आंबायला लागून बुचाशी फेस यायला हवा होता, पायरीवरूनच फसफस ऐकू यायला हवी होती. शेजारच्या बाझीलचं पिंप तर जेवून झोपलेल्या माणसासारखं घोरत होतं.

सफरचंदं त्याच बागेतली होती. दगडी घाणा तोच, दाबताना मध्ये घातलेले पेंढ्याचे थरही तसेच. फक्त यंदा घाण्याचा घोडा तिनं एकटीनं फिरवला होता. तिचा नवरा क्लोविस वसंतात कॉड मासे धरायला गलबतावर गेला होता. सप्टेंबर सरता सरता बाकीची गलबतं ग्रॅनव्हिलच्या बंदरात परतली. त्याचं परतलं नाही. ते बुडताना कुणी पाहिलं नव्हतं, येतानाही कुणी पाहिलं नव्हतं.

ती वर आली. तळघराला कुलूप घालून तिनं किल्ली कमरेला बांधली आणि चौकटीखालून वाकून स्वयंपाकघरात शिरली. गाव तिला शिडी म्हणायचं. ओदील असताना सफरचंदं काढायला दुसरी शिडी कशाला, हा बाझीलचा दर हंगामाचा विनोद होता.

"गप्पच ना?" चुलीपाशी बसलेल्या सासूनं, झेलीनं विचारलं. "राहणारच. त्याला कुणी सांगितलंय?"

"काय सांगायचं, आई?"

"जसं काही तुला माहीतच नाही. घरचा मालक गेला की पिंपाला सांगावं लागतं. तीनदा ठोकायचं, मालक गेला म्हणायचं आणि आता कोण ते नाव घ्यायचं. सांगितल्याशिवाय ते उठत नाही. तुझे सासरे गेले तेव्हा मीच सांगितलं होतं. वर येऊन हात धुतेय तोवर उकळायला लागलं."

"क्लोविस गेलेला नाही."

"बरं. मग सगळ्या रसाचं व्हिनेगर होऊ दे. आला की कोबीवर घालून वाढू त्याला." म्हातारीनं गुडघे चोळले. "या पायऱ्या उतरता आल्या असत्या तर तुझ्या तोंडाकडे बघत बसले नसते. बाझीलला तरी किल्ली दे. माझं नाव सांगू दे त्याला. घर आधीही माझंच होतं."

ओदीलनं कोपऱ्यातली टोपली उचलली. पदरी मूल नव्हतं. पिंपाला झेलीचं नाव सांगितलं गेलं की आपण आपली पेटी उचलून भावाच्या दारात जायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कुलूप त्यासाठी नव्हतं. 'मालक गेला' हे वाक्य अजून कुणी उच्चारलं नव्हतं. पाद्रीबाबांनी नाही, बंदरावरच्या साहेबानं नाही. कुणी म्हणेपर्यंत क्लोविसला नुसता उशीर झाला होता. आपलं तोंड ती त्या कामाला देणार नव्हती, आणि बाझीलचंही देऊ देणार नव्हती.

टोपली घेऊन ती बागेत गेली. शेवटची, उशिरा पिकणारी झाडं राहिली होती. धुकं इतकं दाट की हातातलं फळ दिसावं आणि फांदी दिसू नये. वारा नव्हता. तरी बागेच्या टोकाला फळं पडत होती, कुणी अंदाज घेत झाड हलवावं तशी. थोडी थांबून पुन्हा थोडी. ती तिकडे गेली तर पडायची थांबली. ओल्या गवतात ढीगभर सफरचंदं होती आणि फांद्या अगदी स्थिर होत्या. ती मुकाट्यानं वाकून वेचायला लागली. मागे मात्र तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

ती परतली तेव्हा झेलीनं डोक्याला काळा रुमाल बांधला होता. डोळे लाल झाले होते.

"शेवटी सांगितलंस," ती म्हणाली. "बरं केलंस, पोरी."

"मी?"

"ऐकलं मी. माझ्या पायाखालीच तर आहे ते. तीनदा ठोकलंस, मग बोललीस. आणि आवाज किती बसलाय तुझा. त्या धुक्यात उघड्या डोक्यानं हिंडायला कुणी सांगितलंय?"

ओदीलचा हात कमरेकडे गेला. किल्ली तिथंच होती. तिनं मेणबत्ती पेटवली. तळघराचं कुलूप तिनं घातलं होतं तसंच होतं, आणि नेहमीसारखंच कुरकुरत उघडलं.

तिला कान लावावा लागला नाही. वरच्या पायरीवरच फसफस ऐकू आली. पिंप उकळत होतं. बूच वर उचललं गेलं होतं आणि तपकिरी फेस फळ्यांवरून ओघळत जमिनीवर पसरत होता. तिनं मेणबत्ती उंच धरून कोपरान् कोपरा पाहिला. कुणी नव्हतं.

ती वर आली तेव्हा सासू तिच्याकडे पाठ करून लाकडं सारत होती.

"उठलं ना? म्हटलं नव्हतं मी?" मग फुरंगटून, "माझं नाव घेतलं नाहीस. नसेल घ्यायचं, नको. स्वतःचं घ्यायचं तर सरळ ओदील म्हणायचं होतंस. ते कसलं नाव सांगितलंस त्याला?"

"कसलं, आई?"

"'मालक गेला. आता मालकीण पिटुकली.' असंच म्हणालीस ना? कोण ग ही पिटुकली?"

ओदील खाली बसली. चुलीतलं लाकूड तडकलं, तळघरातून फसफस येत राहिली.

"मलाही एक काळा रुमाल द्या, आई," ती म्हणाली. "मीच ती. दिवा मालवला की क्लोविस मला तसं म्हणायचा."