दुष्काळाचं पहिलं वर्ष

"बाबा, श्री म्हणतोय, तुमचा आषाढ फार लांबलाय," विनीता फोनवर म्हणाली.

तिकडे नागपुरात सासरे खाकरले. "त्याला म्हणावं, दुष्काळ तुझ्या सोयीनं आखडता येत नाही. ऑफिसात असेल ना तो? असू दे, असू दे. पानं टाइप झाली?"

"होतायत, बाबा."

फोन ठेवला आणि ती ढसाढसा रडली. श्रीरंग ऑफिसात नव्हता. २००५च्या जानेवारीत इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या रस्त्यावर बर्फावरून गाडी घसरली, त्यातच तो गेला होता.

नेमकं त्याच आठवड्यात बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. नणंद रत्ना म्हणाली, "वहिनी, एवढ्यात सांगू नकोस गं. हाय खातील ते. पुस्तक तरी होऊ दे."

त्र्यंबकराव इतिहासाचे निवृत्त मास्तर. पुस्तक एकाच सालाचं, १३९६. दुर्गादेवीच्या दुष्काळाचं पहिलं वर्ष, चैत्र ते फाल्गुन, महिन्याला एक प्रकरण. त्यांनी हातानं लिहून पोस्टानं पाठवायचं आणि श्रीनं टाइप करायचं, असं बापलेकांचं ठरलेलं.

फेब्रुवारीत चैत्र आला. सोबत एक चिकटवलेलं पाकीट. वर लिहिलेलं, 'पुस्तकाचं पहिलं पान. फाल्गुन संपल्यावरच उघडणे.' मास्तरांची शिस्त! विनीतानं ते मुकाट्यानं ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मग टाइपही तीच करू लागली आणि श्रीच्या नावानं शंकाही तीच काढू लागली. मेली ही जीभ किती सराईत झालीय, असं दर फोनला तिच्या मनात यायचं. तरी नशीब, बाबा एकदाही 'श्रीला फोन दे' म्हणाले नाहीत.

मार्गशीर्षाच्या प्रकरणात एक सून होती. घरात दाणा नाही, तरी सासऱ्याला धीर वाटावा म्हणून रोज चूल पेटवायची. म्हातारा धुराकडे बघून म्हणायचा, "मला आज भूक नाही गं, तू जेव." ते पान टाइप करायला विनीताला चार दिवस लागले.

पुढच्या जानेवारीत फाल्गुन संपला. आता सांगायलाच हवं होतं. रत्नाला तिनं आधीच बाबांजवळ बसवून ठेवलं, मग फोन लावला.

"बाबा, झालं पुस्तक. मला तुम्हाला एक—"

"दमलीस ना, पोरी? वर्ष काढलंस बाई," बाबा मध्येच म्हणाले. "आधी ते पाकीट उघड."

तिनं फोन खांद्याशी धरून पाकीट फाडलं. आत एकच कागद, वर तारीख ५ फेब्रुवारी २००५, आणि खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी.

'माझा मुलगा कै. श्रीरंग याच्या स्मृतीस.

टंकलेखन: माझी मुलगी विनीता.'