पोटाखालची नवार

गाभण गाय विहिरीत पडली तेव्हा दिवाकर नवाकोरा नायलॉनचा दोर घेऊन धावला, आणि जयवंतीकाकींनी पोटच्या पोराला चारचौघांत झाडलं. तो दोर गुळगुळीत, त्याला गाठ धरत नाही, ओझं आलं की रबरासारखा लांबतो. त्यावर बायकोचे गाऊन वाळत घाल, म्हणाल्या. शेजारचा सॅन्टन मेहुण्याच्या होडीवरचा विणलेला दोर घेऊन आला, तर त्यालाही त्यांनी सोडलं नाही. पोरीच्या वेणीवर कोणी गाय टांगतं का?

काथ्याचाच दोर हवा. खरखरीत, तीन पदरी, भिजला तरी गाठ न सोडणारा. बोळिंजच्या त्या वाडीत काकींचा शब्द शेवटचा होता.

मात्र तो थेट पोटाला लावायचा नाही, हेही त्यांनीच बजावलं. काथ्या कातडीत रुतेल, आतलं वासरू चेंगरेल. त्या घरात गेल्या आणि स्वतःच्या पलंगाची रुंद नवार सोडवून घेऊन आल्या. दिवाकर पाण्यात उतरला. त्याने नवारीचे पट्टे गाईच्या पोटाखालून काढून वर काथ्याला बांधले. पलीकडच्या इमारतीच्या कामावरून मागून आणलेल्या कप्पीतून दोर गेला आणि गडी ओढू लागले.

गाय पाण्याबाहेर आली आणि गरगर फिरू लागली. ओझ्याने दोराचा पीळ उलगडत होता. तिचे खूर विहिरीच्या चिऱ्यांवर आपटले, मग कूस आपटली. दिवाकरने खालून ओरडून दोर सोडायला लावला.

गाय पुन्हा पाण्यात गेली. आता तिची मान धरून ठेवावी लागत होती. नाकपुड्या पाण्याला टेकत होत्या. सगळे काकींकडे बघत होते, आणि काकी उलगडलेल्या दोराकडे.

"काकी, पिळाचा दोर ओझ्याखाली उलटा फिरणारच," सॅन्टन हळूच म्हणाला. "विणलेल्यात निम्मे पदर इकडून, निम्मे तिकडून. एकमेकांना फिरू देत नाहीत."

"मग उभा काय राहिलास? सोड तुझी वेणी खाली," काकी म्हणाल्या. "पण गाठ मी सांगेन तशी."

आणि काठावर ओणवून त्यांनी सांगितलीच. दिवाकरला एकदा सोडून पुन्हा बांधायलाही लावली.

या वेळी गाय सरळ वर आली, चारी पाय लोंबकळत, चेहरा अपराधी. सॅन्टनने नवारीला धरून तिला काठावर ओढून घेतलं. ती धडपडत उभी राहिली, शिंकली, आणि अंग झाडून काकींचं लुगडं भिजवून टाकलं.

कोणी हसलं नाही. काकींनी तिच्या उजव्या कुशीवर तळवा टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या. दिवाकर वर आला. ओल्या कपड्यांनी बाजूला थांबला, पण विचारायची त्याची छाती होईना.

मग आतून एक लाथ बसली. काकींनी हात काढला नाही.

"आईवर गेलंय," त्या म्हणाल्या, आणि पदराने आधी गाईचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.