अंजलीचे तळपाय

करुणानं पोरीच्या पायांतले मोजे ओढून काढले आणि तोंडावर हातच ठेवला. अंजलीचे दोन्ही तळपाय टम्म सुजले होते. टाचेपासून चवड्यापर्यंत काळे डाग, आणि डागांभोवती पाण्यानं भरलेले फोड.

"अगं बाई! हे कधी झालं?"

"ठाऊक न्हाय," अंजली म्हणाली. दोन दिवस पोट दुखतंय म्हणून मोजे घालून पडून होती. बारा वर्षांची पोर, पण हूं नाही की चूं नाही.

आणि नेमकं आजच! पुण्याच्या मोठ्या बाई आज बारामतीच्या भरतनाट्यमच्या क्लासात यायच्या होत्या. एकच मुलगी निवडून त्या स्वतःच्या घरी ठेवून घेणार, शिकवणार. त्यासाठी करुणानं जिवाचं रान केलं होतं. जळोचीहून पोरीला सायकलवर डबलसीट क्लासला न्यायचं, आणायचं, मग स्वतःची बालवाडी गाठायची. घरी आल्यावर पुन्हा फरशीवर सराव. गुडघे वाकवून अर्धं बसून मांड्या भरून आल्या की अंजली भिंतीला टेकायची. "टेकायचं नाही, परत बैस," असं म्हणून करुणा पाटावर लाटणं आपटत ताल धरायची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला स्वतःला कुणी कधी पुढं उभं केलं नव्हतं. कायम मागच्या रांगेत, तेही नशीब असलं तर. ती सल काही केल्या जात नव्हती. आपल्या पोरीकडं लोकांनी मान वर करून बघायचं, बास्स, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं.

"आता मोठ्या बाईंना नाचून दावायचं न्हाय ना?" अंजलीनं विचारलं.

करुणाला भडभडून आलं. पाय भाजल्यासारखे झालेत आणि पोरीला काळजी कशाची, तर नाचाची!

"घाबरू नको गं माझे बाई. मी पाया पडते त्यांच्या. बोलावतील पुन्हा."

तेव्हा कुठं अंजली रडायला लागली.

डॉक्टरनं पाय उलटेपालटे करून बघितले. "बिब्बा उतलाय. कुणी लावला?"

करुणाला विचार करावाच लागला नाही. घरात बिब्बा वापरणारं माणूस एकच, तिची सासू लक्ष्मीबाई. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा आणि त्याचं तेल टाचेच्या भेगांत सोडायचं, हा म्हातारीचा जुना उद्योग. तेव्हा अंजली दिवा धरून शेजारी बसायची. आणि नाचाच्या नावानं पहिल्या दिवसापासून कडाकडा बोटं मोडत होती तीही लक्ष्मीबाईच. "दुसऱ्याच्या दारात घुंगरं बांधून नाचायचं आमी धम्म घेतला तवाच सोडलं. आता पोरीच्या पायात परत तीच?" तो नाच निराळा, हा निराळा, हे करुणानं किती वेळा सांगावं!

घरी आल्याआल्या तिनं सासूचा बटवा तिच्या पुढ्यात उलटा केला. सुपारी, कात, चुन्याची डबी, आणि मागोमाग काळेभोर बिब्बे घरंगळले.

"आत्याबाई, खरं सांगा. पोरीच्या पायांना तुम्ही बिब्बा लावला?"

लक्ष्मीबाईनं सुनेकडं बघितलंच नाही. ती खाटेवर पाय पसरून बसलेल्या नातीकडं बघत राहिली. अंजलीनं मान खाली घातली होती.

"व्हय," म्हातारी शेवटी म्हणाली. "म्याच लावला. झोपली व्हती तवा."

करुणाचा नवरा संघपाल एसटी डेपोतून नुकताच आला होता. त्याचा कानांवर विश्वास बसेना. "आई! अगं, नात आहे ना तुझी?"

"वाटलं, तेवढ्यानं नाच सुटंल. आता पोरीला कायबी इचारू नगा. तिला काय ठावं न्हाय."

"या घरात एक तर ह्या राहतील, नाहीतर मी," करुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संघपालनं आईला इंदापूरकडं, थोरल्या भावाच्या, बुद्धभूषणच्या घरी पोचवलं. निघताना लक्ष्मीबाई अंजलीजवळ बसली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली. अंजलीनं मान हलवली.

"आता कशाला गोंजारताय?" करुणा ओरडली, आणि तिनं ते सगळे बिब्बे मागच्या बाभळीखाली भिरकावून दिले.

पाय बरे झाले. करुणा मोठ्या बाईंच्या दारात जाऊन बसली, आणि त्यांनी पुन्हा बघायचं कबूल केलं. अंजली नाचली, आणि काय नाचली! निवड झाली. करुणा तिथंच पदर डोळ्यांना लावून रडली.

इंदापूरहून निरोप आला, म्हातारीनं अंथरूण धरलंय, नातीचा ध्यास घेतलाय.

"पुण्याला पोचेपर्यंत नाही," करुणा म्हणाली. "पुन्हा काही केलं तर कोण भरून देणार?"

लक्ष्मीबाई गेली. मातीला संघपाल एकटाच गेला. आल्यावर कितीतरी दिवस तो बायकोशी बोलला नाही. अंजली मात्र आजी गेली त्याही दिवशी सरावाला उभी राहिली. डोळ्यांत टिपूस नाही.

"माझी पोर खंबीर आहे बघा," करुणानं शेजारच्या छबूबाईला सांगितलं. छबूबाई नुसतीच "हं" म्हणाली.

निघायचा दिवस उजाडला. बॅग भरलेली, घुंगरं कापडात गुंडाळलेली, दशम्या बांधून तयार. करुणा पोरीला उठवायला गेली, तर अंथरूण रिकामं. मागच्या पडवीत उजेड दिसला.

अंजली फरशीवर मांडी घालून बसली होती. एक तळपाय वर केलेला. समोर आजीचा दिवा, हातात सुई, आणि सुईच्या टोकाला चुरचुरणारा बिब्बा.

करुणा उंबऱ्यावरच थबकली. अंजली दचकली नाही. तेलाचा थेंब टाचेवर पडेपर्यंत थांबली आणि मग तिनं वर बघितलं.

"परत लावणार न्हाय, असं मी आजीला वचन दिलं होतं," ती म्हणाली. "पण आता आजीच न्हाय ना."