एका गर्भातले

प्रा. त्र्यंबक दामल्यांच्या एकसष्टीला दोघी बहिणी औक्षणासाठी व्यासपीठाकडे निघाल्या, तेवढ्यात त्र्यंबकरावांनी माइक हातात घेतला. आयुष्यभर ग्रीक शिकवलेल्या या माणसाला भरलेलं सभागृह दिसलं की राहवत नसे.

“ग्रीकमध्ये भावाला अदेल्फोस म्हणतात,” ते म्हणाले. “‘अ’ म्हणजे एकच आणि ‘देल्फुस’ म्हणजे गर्भाशय. एका गर्भातून आलेली, तीच खरी भावंडं. शालन वडिलांच्या दुसऱ्या बायकोची. तेव्हा शब्दाला धरून औक्षण विमलनेच करावं.”

लोक हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. शालन मात्र पायरीवर थांबली ती तिथेच. विमल तबक घेऊन वर गेली.

पहिल्या रांगेत माई बसल्या होत्या. विमलच्या जन्माच्या वेळी आई गेली, तेव्हापासून त्र्यंबक आणि विमल या दोघांनाही त्यांनीच वाढवलं होतं.

“आणि मी तुझी कोण रे, त्र्यंबक?” त्यांनी विचारलं.

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. “मेत्रुइआ. म्हणजे सावत्र आई. फार जुना शब्द आहे, माई.”

माई काठी टेकत उठल्या. “विद्वान झालास हो,” एवढंच म्हणून त्या शालनचा हात धरून दाराकडे निघाल्या.

त्र्यंबकरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि कपाळ पुढे केलं.

विमलने तबक टेबलावर ठेवलं.

“तुझं तूच ओवाळून घे, दादा,” ती म्हणाली आणि माईंच्या मागे गेली.